क्लेम नाकारायचा, तर कारण लिहून द्या

"कंपनीनं क्लेम रिजेक्ट केला." मोटारसायकलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हे वाक्य नेहमी तोंडी सांगितलं जातं. कोणी नाकारला, निकामी झालेला भाग कोणी तपासला, त्यात काय सापडलं, वॉरंटीच्या कोणत्या अटीत ते बसलं नाही, यातलं काहीही कागदावर येत नाही. गाडीमालकाच्या हातात एकच कागद पडतो, तो एस्टिमेटचा. वर्धा जिल्ह्यात हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की याला एखाद्याचं नशीब म्हणून सोडून देणं मला आता जमत नाही. हा उघड अन्याय आहे. रोजचा झाल्यामुळे तो आपल्या डोळ्यांवर येईनासा झाला, एवढंच.

आपल्याकडे मोटारसायकलवर काय काय उभं असतं ते आधी पाहा. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात गौळाऊ गाई पाळणारी घरं आहेत. तिथलं दूध कॅनमध्ये भरून दुचाकीवरूनच गावाबाहेर पडतं. हिंगणघाटच्या जिनिंगमधली पाळी रात्री सुटते तेव्हा एसटी नसते. समुद्रपूर तालुक्यातल्या आडगावातून सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात जायचं, तर पेशंटला मध्ये बसवून मागच्याने धरून नेतात. फवारणीचा पंप, खताची गोणी, शाळेची पोरं, सगळं त्याच सीटवरून जातं. लाखाच्या आसपासची ही गाडी बहुतेक घरांत कर्जावर येते, आणि इंजिन खोलून टेबलावर पडलेलं असलं तरी महिन्याचा हप्ता कापला जातोच. अशा घरात इंजिनचा एक भाग गेला की सगळ्या घराच्या मिळकतीला खीळ बसते.

आर्वीकडच्या एका दूधवाल्याचं प्रकरण मला जवळून माहीत आहे. कंपनीचं नाव घेत नाही. प्रश्न एका कंपनीपुरता नाहीच. गाडी पाच वर्षांच्या वॉरंटीत होती, तिसरं वर्ष चालू होतं. इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. टॅपेट सेट करून घेतलं, आवाज तसाच. मग ओढ कमी झाली, कॅन लादून चढ चढताना गाडी मान टाकायला लागली. शोरूममध्ये हेड खोललं तेव्हा कॅमशाफ्टच्या एका लोबवर बारीक खड्डे पडलेले दिसले. वरचा कडक थर पापुद्रे धरून निघाला होता आणि त्यावर घासणारा रॉकर आर्म खरवडला गेला होता. दुसरा लोब मात्र गुळगुळीत, चकचकीत. नख फिरवलं तर फरक कळत होता.

काही दिवसांनी उत्तर आलं: ऑइल कमी होतं, म्हणून हे झालं, क्लेम बसत नाही. "मी तं टाइमावर ऑइल बदलवलं भाऊ, पुस्तकात शिक्के हायेत," असं तो परत परत सांगत होता. शिक्के होतेच. फक्त एक सर्व्हिस पेरणीच्या धांदलीत गावातल्या मिस्त्रीकडे झाली होती, आणि काउंटरवरच्या पोराचं बोट नेमकं त्या रिकाम्या रकान्यावर जाऊन थांबलं.

इथे थोडं यंत्रातलं बोललं पाहिजे, कारण अन्याय नेमका तिथे लपतो. कॅमचा लोब आतून चिवट आणि वरून अतिशय कडक असावा लागतो. त्यासाठी कारखान्यात त्याच्या पृष्ठभागाला उष्णतेची प्रक्रिया देतात. हा कडक थर पातळ असतो. तो सारखा चढला नाही, किंवा धातूतच खोट राहिली, तर लाखो वेळा घासल्यावर त्याचे तुकडे सुटू लागतात. ऑइल कमी पडून झालेला बिघाड बहुधा वेगळ्या खुणा ठेवतो. ऑइलची टंचाई हेडला लवकर जाणवते हे खरं, पण तेव्हा कॅमशाफ्ट जिथे टेकून फिरतो तिथेही ओरखडे उठतात, धातू तापून त्याचा रंग पालटतो, मार दोन्ही लोबना बसतो, आणि पुष्कळदा खाली बोअर-पिस्टनवरही रेघा दिसतात. एकच लोब गेला आणि आजूबाजूचं सगळं साफ, ही स्थिती ऑइलच्या कमतरतेशी सहज जुळत नाही. एवढ्यावरून तो कारखान्यातलाच दोष ठरतो असा माझा दावा नाही. पण तो भाग प्रयोगशाळेत नेला, त्याचा कडकपणा मोजला, तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पुष्कळ काही ठरू शकतं. वर्ध्याहून दीड-दोन तासांवर, नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा अख्खा विभाग आहे.

ते घडलं नाही, कारण तो भाग दूधवाल्याच्या हाती आलाच नाही. "जुना पार्ट कंपनीला जमा करावा लागतो," असं त्याला सांगण्यात आलं. कंपनीने वॉरंटीत नवा भाग फुकट दिला आणि जुना ठेवून घेतला, तर ते समजू शकतं. पण नव्या भागाचे पैसे गाडीमालकाने खिशातून भरले असतील, तर जुना भाग त्याच्याच मालकीचा आहे. तो ठेवून घेण्याचा हक्क कंपनीला कोणी दिला? त्याच्या मालकीची वस्तू गेली आणि तिच्यासोबत त्याच्याजवळचा एकमेव पुरावाही गेला. पुढे तोच माणूस दाद मागायला गेला की त्याला विचारतात, दोष कारखान्यातला होता याचा तज्ज्ञाचा दाखला कुठे आहे? मोटारगाड्यांच्या कितीतरी ग्राहक-तक्रारी आजवर याच एका प्रश्नावर आपटल्या आहेत.

ज्याच्याजवळ ज्ञान आहे, त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी जास्त असते. कंपनीला त्या कॅमचा बॅच नंबर माहीत आहे, तो कुठल्या पुरवठादाराकडून आला ते माहीत आहे, त्याच महिन्यात देशभरातून तसले आणखी किती कॅम परत आले तेही माहीत आहे. दूधवाल्याला एवढंच माहीत आहे की गाडी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका मोटारीच्या एअरबॅग न उघडल्याच्या खटल्यात सांगितलं की टक्कर किती वेगाची आणि किती जोराची होती याचं गणित मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रातला जाणकार असावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. शैलेंद्र भटनागर विरुद्ध ह्युंदाई हा तो वाद. एअरबॅगबद्दल जे न्याय्य, ते कॅमशाफ्टबद्दलही न्याय्य मानायला हवं.

आणि पैशाचं काय? वॉरंटी म्हणजे कंपनीने उदार मनाने दिलेली भेट, असं आपल्या मनात कुठेतरी ठसलेलं आहे. म्हणून आपण काउंटरवर हात जोडून उभे राहतो. खरी गोष्ट अशी की शेअर बाजारातल्या प्रत्येक मोठ्या वाहन कंपनीच्या वार्षिक हिशेबात वॉरंटीसाठी वेगळी तरतूद दाखवलेली असते. विकलेल्या गाड्यांपैकी काहींत बिघाड होणार, त्यावर इतका खर्च येणार, हा अंदाज आधीच बांधलेला असतो आणि तो गाडीच्या किमतीतूनच वसूल होतो. पाच वर्षांची वॉरंटी म्हणून ज्या पाट्या लागतात, त्यांचे पैसे आपण गाडी घेताना मोजलेले असतात. म्हणजे योग्य दावा नाकारणारी कंपनी गाडीमालकाचेच जमा पैसे त्याला परत देत नसते.

दूधवाल्याचं पुढे काय झालं? त्याला 'गुडविल' मिळालं. भागाचे निम्मे पैसे कंपनीने सोडले, निम्मे आणि मजुरी त्याने भरली, आणि "माझं पूर्ण समाधान झालं" अशा मजकुराखाली सही केली. दूध थांबलेलं, घरी माणसं ओरडणारी; त्याने सही केली यात त्याचा दोष नाही. मला जे सोसवत नाही ते पुढचं आहे. त्याच सुमारास शहरातल्या एका नोकरदाराला, तशाच बिघाडासाठी, अख्खा भाग मजुरीसकट फुकट मिळाला. त्याचा भाचा पुण्यात नोकरीला होता. त्याने कंपनीच्या मुख्य कार्यालयाला इंग्रजीत पत्र धाडलं, वकिलाचा उल्लेख केला, फोटो जोडले. दोन कॅम सारखेच झिजले. एकाला न्याय मिळाला तो इंग्रजी येणाऱ्या भाच्यामुळे.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. कंपनी दोष मान्य करत नाही असं नाही. ती तो निवडून मान्य करते. जो आवाज करेल त्याला देते, जो निमूटपणे बसेल त्याच्याकडून भरून घेते. हक्काचं 'गुडविल' झालं की त्याची रक्कम माणूस पाहून ठरू लागते, आणि आपल्या समाजात माणूस पाहून म्हणजे काय पाहून, हे मी वेगळं सांगायला नको. शिक्षण, भाषा, ओळख, कपडे. ज्या दूधवाल्याने कुरकुर न करता निम्मे पैसे भरले, त्याच्या निमूटपणावर दुसऱ्याचं समाधान विकत घेतलं गेलं.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने या चालीविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला आहे. एखाद्या दोषाची दुरुस्ती वॉरंटीबाहेर जाऊन आपल्या खर्चाने करून द्यायचं कंपनीने ठरवलं, तर तिने तशा गाड्यांच्या सगळ्या मालकांना ९० दिवसांच्या आत टपालाने कळवलं पाहिजे, आणि ज्यांनी आधी पदरचे पैसे भरले त्यांना ते परत मिळण्याची सोय ठेवली पाहिजे. अशी योजना आखून ती तक्रार करणाऱ्यांपुरती गुपचूप राबवायची आणि बाकीच्यांना अंधारात ठेवायचं, याची तिथे मुभा नाही. आपल्याकडे असं बंधन नाही. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं, त्याखाली सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण ते दोष माणसांच्या जिवाला किंवा पर्यावरणाला घातक असतील तरच. २०२१ च्या मे महिन्यात रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २ लाख ३६ हजारांवर मोटारसायकली आपणहून परत बोलावल्या. दोष आपल्याच चाचण्यांत सापडल्याचं जाहीर केलं, कोणत्या महिन्यांतल्या गाड्या तेही सांगितलं. चांगलं काम होतं ते, त्याला चांगलंच म्हटलं पाहिजे. पण झिजणारा कॅम कोणाचा जीव घेत नाही. तो फक्त एका घराचा महिना बुडवतो, आणि महिना बुडाल्याची दखल घेणारं कलम त्या कायद्यात नाही.

वर्ध्यात राहून हे लिहिताना मला १९२९ सालची एक जाहिरात आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आजच्या प्रत्येक अभियंत्याने वाचाव्यात अशा आहेत. चरखा खेड्यातल्या साध्या झोपडीत चालला पाहिजे, बाईमाणसाला आठ तास फार न थकता चालवता आला पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. आणि त्यापुढे: वेळच्या वेळी निगा राखली तर तो निदान वीस वर्षं मोठ्या दुरुस्तीशिवाय टिकला पाहिजे, आणि निगराणीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. म्हणजे साडेसात रुपये. यंत्र जन्माला येण्याआधीच ते किती वर्षं चालेल आणि वापरणाऱ्याला वर्षाला किती भुर्दंड पडेल, हे ठरवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलेली होती. आजच्या लाखाच्या गाडीला हाच हिशेब लावला तर निगराणीचा वर्षाचा खर्च पाच हजारांत बसायला हवा. दूधवाल्याने तिसऱ्या वर्षी एका फेरीत, कॅम, रॉकर, गॅस्केट आणि मजुरी धरून, त्याहून जास्त मोजले, आणि तेही 'सूट' मिळाल्यावर. मगनवाडीच्या मगन संग्रहालयात आजही नाना तऱ्हेचे चरखे पाहायला मिळतात. गांधीजींनी १९३८ साली ते संग्रहालय उघडलं तेव्हा ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा तिथूनच पाहत होते. शाळांच्या सहली तिथे जातात, पोरं चरख्यासोबत फोटो काढतात. त्या पोरांना या अटी कोणीतरी समजावून सांगाव्यात.

पुष्कळ दुकानांत आणि शोरूममध्ये गांधीजींच्या नावाने एक पाटी लावलेली असते, ग्राहक हा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा असल्याची. ते वाक्य त्यांनी १८९० साली दक्षिण आफ्रिकेत उच्चारलं असं सांगतात. १८९० साली ते लंडनमध्ये कायदा शिकत होते; दक्षिण आफ्रिकेला गेले १८९३ मध्ये. न बोललेलं वाक्य भिंतीला टांगण्यापेक्षा त्या चरख्याच्या अटी टांगा, असं मी शोरूमवाल्यांना कळकळीने सांगेन.

उद्योगपतींनाही ही भाषा परकी नाही. जे. आर. डी. टाटा आणि जमनालाल बजाजांचे चिरंजीव रामकृष्ण बजाज यांच्यासारख्या उद्योजकांनी १९६६ साली न्याय्य व्यापारासाठी संस्था उभी केली. व्यापाऱ्याने स्वतःवर स्वतः बंधन घालून घ्यावं हा तिचा पाया होता. जमनालालजींनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं तेव्हा तसा कोणता कायदा त्यांच्यावर सक्ती करत नव्हता. दार आपल्या ताब्यात होतं, म्हणून ते आपणच उघडायचं, एवढा साधा विचार होता. वॉरंटीचं दार कंपन्यांच्या ताब्यात आहे.

आता दुसरी बाजू. सर्व्हिस सेंटरमधली माणसं म्हणतात, गिऱ्हाईकही काही कमी नसतं. ऑइल डांबरासारखं होईपर्यंत बदलत नाहीत, स्वस्तातलं लूज ऑइल ओततात, सायलेन्सर कापतात, तीन-तीन माणसं बसवतात, आणि इंजिन बसलं की "मी काहीच केलं नाही" म्हणून उभे राहतात. हे सगळं खरं आहे. वॉरंटी मागायची तर आपणही खरं बोललं पाहिजे, यात तडजोड नाही. सत्याग्रहाचं नाव सांगणाऱ्या जिल्ह्यात आपल्या चुकीचा कॅम कंपनीच्या गळ्यात बांधणं शोभत नाही. ऑइल बदललं त्या दिवशी किलोमीटर लिहून ठेवा. गावातल्या मिस्त्रीकडे काम केलं तर पक्कं बिल घ्या, ऑइलचा ग्रेड आणि मार्का त्यावर लिहून घ्या. मिस्त्र्यांनीही कच्च्या चिठ्ठीवर हिशेब करायची सवय सोडावी. ती चिठ्ठी उद्या गिऱ्हाइकाच्याच मुळावर येते.

पण गिऱ्हाईक खोटं बोलतं, या तक्रारीचा उपायही तपासणी हाच आहे. ऑइलचा नमुना तपासा, भाग तपासा, निष्कर्ष लिहा. खोटं बोलणारा कागदासमोर टिकणार नाही. सरसकट संशय घेऊन तोंडी नकार देण्यात खोटारडा आणि सच्चा दोघे एकाच मापाने मोजले जातात. आणि बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला म्हणून अख्खी वॉरंटी संपली, हा तर्कही तपासून घ्यायला हवा. चौदा मोटार कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली असं बजावलं की केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट कंपन्यांनी घालू नये. तो आदेश चारचाकीवाल्यांपुरता होता, पुढे त्यावर अपिलंही झाली. तरी त्यातला विवेक दुचाकीला लागू होत नाही असं कोण म्हणेल? मिस्त्रीने चुकीचं काम केलं आणि त्यामुळेच कॅम गेला, हे कंपनीने दाखवावं.

ओझ्याचा मुद्दा तसाच. दुधाचे कॅन लादले म्हणजे धंद्यासाठी वापर, म्हणून वॉरंटी नाही, असंही ऐकवलं जातं. ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत हे खरं; पण स्वतःच्या हातांनी राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्याने त्या अपवादातून मोकळी ठेवली आहे. दूधवाला कायद्याने ग्राहक आहे. हीच गाडी विकताना ती खेड्याच्या रस्त्याला दणकट आहे असं सांगितलेलं असतं, हेही विसरता येत नाही.

दाद कुठे मागायची? वर्ध्यात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला, आणि आता कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

काही गोष्टी मात्र नीट समजून जाव्यात, नाहीतर तक्रार भरकटते. नव्या कायद्यातल्या 'उत्पादन दायित्व' या प्रकरणाचा फार बोलबाला आहे. पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून त्या वस्तूचं स्वतःचंच झालेलं नुकसान वगळलेलं आहे. कॅम तुटून तुम्ही पडलात आणि हाड मोडलं, तर ते प्रकरण लागू होईल. नुसता कॅम गेला तर 'मालातील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' याच पायावर तक्रार मांडावी लागते. दुसरं, अख्खी नवी गाडी मागण्याचा मोह टाळावा. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची असेल, तर जबाबदारीही तेवढीच. म्हणून भाग, मजुरी, गाडी बंद राहिलेल्या दिवसांचं नुकसान आणि तक्रारीचा खर्च, एवढं नेमकं मागावं. तिसरं, डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करावं. गोव्यातल्या अँटोनिओ पाउलो वाझ यांच्या खटल्यात जुनी गाडी नवी म्हणून विकली गेली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या त्या कृत्याबद्दल निर्मात्या कंपनीला मोकळं केलं, कारण दोघांमधला व्यवहार स्वतंत्र होता आणि कंपनीला ते ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. काउंटरवर डीलर म्हणतो "कंपनीने नाकारलं", आयोगात कंपनी म्हणते "डीलर वेगळा". या दोघांच्या फटीत अडकायचं नसेल तर पहिल्याच दिवशी कंपनीला थेट लेखी कळवावं, मराठीत कळवलं तरी चालतं, आणि पोच जपावी.

भाग तपासायची गरज असेल तर आयोगाला तो सील करून योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो, आणि अहवाल ४५ दिवसांत यावा असं कायदा म्हणतो. फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. अशी तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, हेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात, याचा संताप येतो. देशभरातल्या आयोगांतल्या रिकाम्या जागांची दखल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला आपणहून घ्यावी लागली होती. दूध घालून, गुरं सोडून, तारखेला वर्ध्याला यायचं आणि पुढची तारीख घेऊन जायचं, हे एकट्या माणसाला किती दिवस परवडेल?

म्हणून हे काम एकट्यावर टाकू नये. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली ती याच जाणिवेतून, की सुटा ग्राहक दुबळा असतो. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी एक साधी नोंदवही सुरू व्हावी. गाडीचं मॉडेल, बनल्याचा महिना, किलोमीटर, कोणता भाग गेला, काय कारण सांगितलं, किती पैसे घेतले. नावं लिहायचीही गरज नाही. हिंगणघाटला, देवळीला आणि आष्टीला एकाच महिन्यात बनलेल्या गाड्यांचे कॅम एकाच तऱ्हेने गेलेले दिसले, की "तुमचंच ऑइल कमी होतं" हे उत्तर तिथल्या तिथे संपतं. समान तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, ग्राहक संघटनेलाही करता येते. सेवाग्रामला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या पोरांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. निकामी झालेले कॅम, रॉकर, टेन्शनर गोळा करून त्यांचा कडकपणा मोजणं, फोटो काढणं, नोंद ठेवणं, याहून उपयोगी प्रकल्प कोणता? आयोगापुढे पुरावा म्हणून लागणारी तपासणी मान्य प्रयोगशाळेतच करावी लागेल, पण आपल्या तक्रारीत दम आहे की नाही हे आर्वीच्या माणसाला आधीच कळेल.

एक काम मात्र मोठ्या संघटनांचंच आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत एकतर्फी अटी असतात, दोषाबद्दल कंपनीचा निर्णय अंतिम राहील अशा धर्तीच्या. २०१९ च्या कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना आणली, त्यात ग्राहकावर लादलेल्या अवाजवी अटीही येतात. पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. राज्य आयोगाचं एक खंडपीठ नागपूरला आहे. तिथे एखाद्या ग्राहक संघटनेने अशी एक अट आव्हान देऊन नेली, आणि नकाराचं लेखी कारण व जुना भाग ग्राहकाला दिलाच पाहिजे असा आदेश मिळवला, तर वर्ध्यासोबत यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीच्या प्रत्येक काउंटरवर तो दाखवता येईल. तक्रारीला लागणारी कागदपत्रं फार नाहीत: वॉरंटीची पुस्तिका, एक जॉबकार्ड, एक एस्टिमेट, आणि सही करायला तयार असलेला एक गाडीमालक.